आखरावरची निळी आच

गुराढोरांच्या गावाला जाऊन मला शेण मिळालं नाही, असं सांगितलं की सांगलीत कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हे सगळं नीट पहिल्यापासून लिहिते आहे.

मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, आमचा सांगलीत एक छोटा कारखाना आहे. अण्णा खिडक्यांची ग्रिलं करतो आणि मी गोबरगॅसचे लोखंडी ड्रम. ग्रिलांना गिऱ्हाईक दारात उभं असतं, माझ्या ड्रमना मला दारोदार हिंडून शोधावं लागतं. त्यात मी गोबरगॅसवर एक पुस्तक लिहून बसले. पुस्तकाचं पहिलंच वाक्य मोठं ऐटबाज होतं : ‘ज्याच्या दारात चार जनावरं, त्याच्या चुलीला लाकूड नको.’ अण्णा ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि मग माझ्या कोपऱ्यात गंजत पडलेल्या ड्रमांकडे बोट करायचा.

अशात भंडारा जिल्ह्यातून, पवनी तालुक्यातल्या आसगावहून मागणी आली. तिथल्या शाळेतल्या रामटेके गुरुजींनी माझं पुस्तक नागपुरात कुठंतरी विकत घेतलं, वाचलं आणि गावातल्या डोमाजी नावाच्या मोठ्या शेतकऱ्याला ड्रम घ्यायला तयार केलं. पुस्तकातलं चित्र पाहून विहिरीसारखा खड्डासुद्धा बांधून घेतला. अण्णाला मी हे सांगितलं तेव्हा तो ग्रिलाचा गज कापत होता. मान वर न करता म्हणाला, “कुसुम, दिवाळीपर्यंत बघ. या ड्रमानं तिकडं मूळ धरलं तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर तुझ्यासाठी पत्रा आणणं बंद. तूही ग्रिलं कर.”

मला ग्रिलांचा राग नाही. पण चोर घरात शिरू नये म्हणून आयुष्य घालवावं, असं मला कधीच वाटलं नाही.

उमरेडचा नाका

ड्रम आधीच नागपुरात येऊन पडला होता. तिथून पुढं ट्रकात ड्रम आणि ट्रकच्या केबिनमध्ये मी, असा प्रवास ठरला. शिवाय बरोबर एक झाकणाचं पिंप होतं. नागपूरजवळच्या एका ओळखीच्या शेतावर चालू गॅस होता, त्यातला शेणकाला मी त्या पिंपात भरून घेतला होता. दुधाला जसं विरजण लागतं तसं नव्या खड्ड्याला जुन्या खड्ड्यातलं थोडं विरजण घातलं की गॅस लवकर धरतो. ड्रायव्हरनं विचारलं, “बाई, इसमें क्या है?” मी म्हटलं, “विरजण आहे.” तो खूश झाला. त्याला वाटलं, दही असणार.

आश्विनातलं ऊन विदर्भात काय असतं ते आम्हा कृष्णाकाठच्या माणसांना ठाऊक नाही. पिंप तापत गेलं, आत गॅस कोंडत गेला आणि ऐन उमरेडच्या नाक्यावर, ट्रक चहासाठी थांबला असताना, झाकण बंदुकीसारखं उडालं. ड्रायव्हर नेमका मागं उभा राहून दोऱ्या बघत होता. त्याच्या मिशीपासून बनियनपर्यंत सगळं हिरवं झालं. नाक्यावरची माणसं पोट धरून हसत होती. तो बिचारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “ये कौन सा दही है!”

मी त्याला नवा बनियन घेऊन दिला, स्वतःच्या हातानं ट्रकची मागची बाजू धुतली आणि मनातून मात्र हरखून गेले. झाकण उडालं म्हणजे विरजण जिवंत होतं. पुढच्या सगळ्या रस्त्यात आम्ही दोघं तोंडं खिडकीबाहेर काढून बसलो होतो.

आसगाव

पवनीच्या पुढं दोन्ही बाजूंना धानच धान. आमच्याकडं उसाच्या फडात माणूस दिसत नाही. इथं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, इतकी सपाट, की लांबचा बगळासुद्धा मोजून घ्यावा. मधूनमधून पाण्याची तळी, त्यांना इथं बोड्या म्हणतात. धान पिवळं पडायला लागलं होतं आणि दिवाळी पंधरवड्यावर आली होती.

डोमाजींच्या दारात उतरले तर पहिली गोष्ट समोर आली ती पाण्यानं भरलेला पितळी गडवा. भंडाऱ्याचं पितळ, सोन्यासारखं घासलेलं. आमच्याकडं पाहुण्याला पाणी प्यायला देतात, इथं आधी पाय धुवायला देतात. तोवर मी पाय धुण्यापलीकडं गेले होते. डोमाजींची बायको गिरजाबाई दोन पावलं मागं सरकली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “अव माय! बाई, तुमी आंघोळच करा ना.”

जेवायला भात होता, सकाळी भात, संध्याकाळी भात. भाकरी म्हटलं की तांदळाची आणि पोळी म्हटलं की सणाची. दुसऱ्या दिवशी रामटेके गुरुजींच्या घरी त्यांच्या पत्नीनं बोडीतले झिंगे वांग्यात घालून केले होते. झिंगे म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान कोळंबी. मी तीनदा भात मागून घेतला. गुरुजींचं घर छप्पन सालापासून बौद्ध. डोमाजींचं घर पिढीजात माळकरी नसलं तरी देवभोळं. कोण कुठं जेवतं आणि कुठं जेवत नाही हे मी विचारलं नाही, मी दोन्ही घरी जेवले. गुरुजी उंच, किडकिडीत, बोलायला मिश्कील. मला म्हणाले, “म्याडम, तुमचं पुस्तक मी दोनदा वाचलं. आता तुमाले आनलं हाये तं गॅस काढूनच जा. नाई तं पोरं शाळेत मलेच गोबर गुरुजी म्हनतीन.”

खड्डा मात्र फार सुंदर बांधला होता. डोमाजींच्या गोठ्यामागं, कुंपणाला लागून. गड्यांनी दोर लावून ड्रम खड्ड्यावर बसवला. सगळं जागच्या जागी बसलं आणि मी पदर खोचून गिरजाबाईंना म्हटलं, “चला, आता शेण काढू.”

गिरजाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचं मंगळसूत्र मागितलं होतं.

“शेन? आता? बाई, दिवाळी तोंडावर आली. घर सारवाचं हाये, आंगन सारवाचं हाये, धान येईन तं खळं सारवाचं हाये. पाटीभर शेन नाई भेटत मले. शेजारीन काल उसनं मागाले आली होती, तिलेबी मी नाई म्हनलं.”

मी गोठ्यात जाऊन पाहिलं. जनावरं होती, पण कशी? आमच्याकडच्या म्हशी उसाचं वाडं खाऊन दिवसभर दावणीला बसतात, त्यांच्यामागं ढीग लागतो. इथल्या गाई लहानखुऱ्या, काटक. दूध वासरापुरतं, म्हणून चहा कोराच. सकाळी उजाडलं की त्या गावाबाहेर जातात, दिवसभर रानात चरतात आणि सांजेला परततात. गोठ्यात जे पडतं ते रात्रीचं, आणि ते सारवणालाच पुरत नव्हतं.

‘ज्याच्या दारात चार जनावरं.’ वाक्य माझंच होतं. जनावर दारात असतं कधी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. डोमाजी खाटेवर बसून मिशीला पीळ देत होते. “बाई, पुस्तकात तं सोपं लिहिलं होतं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता, म्हणून जास्त झोंबलं.

दिवाळीनंतर सुरू करू, असं गुरुजींनी सुचवलं. पण दिवाळीनंतर माझ्यासाठी ग्रिलाचे गज वाट पाहत होते. शिवाय भाऊबीजेच्या दिवशी आसगावची मंडई होती. मंडई म्हणजे या भागातली दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावचे पाहुणे, लेकी, जावई त्या दिवशी एका गावात जमतात. त्या गर्दीपुढं गॅस जळला तर पंचक्रोशीत बातमी जाणार. न जळला तर खड्ड्यावरचा ड्रम पाहून सगळी पंचक्रोशी हसणार. मी म्हटलं, “दिवाळीआधीच. शेण कुठं पडतं ते मला दाखवा.”

आखर

पहाट फुटताना गुरुजी मला गावाबाहेर घेऊन गेले. लांब कुठं जायचं नव्हतंच. डोमाजींच्या कुंपणापलीकडंच ते मोकळं मैदान होतं. त्याला आखर म्हणतात. रोज सकाळी गावातल्या प्रत्येक घरची गुरं सुटून आपल्या आपण तिथं येऊन उभी राहतात. सगळी जमली की गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना रानात नेतो. आमच्याकडं हा प्रकारच नाही. मी पाहिलं आणि पाहतच राहिले. अख्ख्या गावाचा कळप, घंटांचा आवाज, धुळीतून वर येणारं ऊन, आणि जमिनीवर, जिथं नजर जाईल तिथं, शेण.

मी जवळजवळ नाचलेच. पाटी घेऊन पुढं वाकले, तेवढ्यात मागून आवाज आला, “वो बाई! हात नोको लावू!”

कमरेला पदर घट्ट आवळलेली, काळीसावळी, चाळिशीची बाई. ही पार्बता, गायकी सुकरूची बायको. आखराच्या कडेलाच तिची झोपडी, झोपडीच्या भिंतीला गोवऱ्याच गोवऱ्या थापलेल्या.

गुरुजींनी हळू सांगितलं, “म्याडम, आखरावरचं शेन गायकीनचं असते. गावचा रिवाज हाये. डोमाजीची गाय असो का माही असो, एकदा आखरावर आली का शेन पार्बताबाईचं.”

मी तिला सगळं समजावलं. खड्डा, काला, गॅस, निळा जाळ, धूर नाही. मी ते चांगलं समजावते, शंभर सभांमधून समजावलं आहे. पार्बतानं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं.

“आच कोठी जळन?”

“डोमाजीभाऊंच्या स्वयंपाकघरात.”

“म्हंजे शेन माह्यं, कालवनार मी, अन् आच गिरजाबाईच्या घरी? अन् मी फुकनी घेऊन धूर खात बसू? काहून देऊ मी?”

“विकत दे,” मी म्हटलं.

“इकाचं नाई मले.” तिनं पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि शेण भरायला लागली.

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे अण्णा तुम्हाला सांगेल. मी तिला म्हटलं, “अगं, तुझ्या गोवऱ्या जाळून काय मिळतं तुला? डोळे तरी बघ तुझे.” तिचे डोळे धुरानं लालच होते. ती म्हणाली, “पाहून राहिली ना तू? मंग डोमाजीच्या घरी कायले आच नेऊन राहिली?”

बोडीच्या काठावर जाऊन बसले. पाण्यात म्हशी नव्हत्या, बगळे होते. राग निवला तसं लक्षात आलं की बाई भांडत नव्हती, हिशेब विचारत होती. सांगलीत घरागणिक गोठा, म्हणून घरागणिक गॅस. इथं गाव सगळं एका आखरावर गुरं सोडून मोकळं. मग गॅसही आखराचाच हवा. जिचं शेण तिची आच. खड्डा डोमाजींच्या कुंपणाला लागून होता, पण पार्बताची झोपडी तिथून डोमाजींच्या स्वयंपाकघरापेक्षा जवळच होती!

अडचण नळीची होती. माझ्याजवळची नळी एकाच घराला पुरणार होती. पवनीत चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला, दिवाळी झाल्यावर नागपूरहून आणतो. म्हणजे मंडईपर्यंत आच एकच. ती कुणाच्या घरी, ते त्या संध्याकाळी डोमाजींच्या ओसरीवर ठरायचं होतं.

पहिली आच पार्बताच्या घरी, असं मी सांगताच डोमाजी ताडकन खाटेवरून उठले. “खड्डा माह्या जागेत, ड्रम मी आनला, अन् आच गायकिनीच्या घरी? गाव काय म्हनन?”

मी म्हटलं, “भाऊ, शेण आत जातं, त्यातून गॅस निघतो, पण खत कुठं जात नाही. उरलेला काला सगळा तुमच्या कुंपणाच्या आत पडतो. सबंध आखराचं खत तुमच्या धानाला. आणि नळी आली की तुमच्या घरी दुसरी आच.”

खत म्हटल्यावर डोमाजी पुन्हा खाटेवर टेकले. पण मान अजून ताठ होती. तेव्हा आतून गिरजाबाई बाहेर आल्या. हात शेणानं भरलेले, अर्धी भिंत सारवून झालेली.

“गाव काई म्हनो. माह्या गोठ्यातलं शेन मी देत नाई. मंग तिच्याकडून घ्या. अन् तिच्याकडून घेता तं तिले आच द्या. मी तेवढे दिवस फुकनी फुकन, आजपावतो कोन फुकत होतं?”

नवऱ्यापुढं इतकं बोलून त्या पुन्हा भिंतीकडं वळल्या. गुरुजी हसू दाबत माझ्याकडं पाहत होते. डोमाजींनी बराच वेळ मिशी पिळली. शेवटी म्हणाले, “ठीक हाये. पन ड्रमवर नाव माह्यं पाह्यजे. मोठं.”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सुंदर अक्षरात चुन्यानं ड्रमवर ‘डोमाजी’ असं रंगवलं. पार्बतानं ते पाहिलं. “लिहा ना,” ती म्हणाली. “नावानं भात थोडी शिजते.” आणि पहिली पाटी तिनं स्वतः खड्ड्यात टाकली.

मग काय विचारता! सुकरू कळप रानात नेई आणि आम्ही दोघी आखर झाडून काढत असू. शेण, बोडीचं पाणी, कोपरापर्यंत हात घालून कालवायचं. उमरेडला उडून उरलेलं माझं विरजण सगळ्यात शेवटी, देवाच्या प्रसादासारखं. कालवताना पार्बता गावातल्या सगळ्या गोष्टी सांगायची. वैनगंगेवर धरण होणार असं लोक बोलत, ते ती पार उडवून लावत असे, “वैनगंगा कोनाच्या बापाले अडते का?” मला एकदा विचारलं, “भाऊबीजेले तू इथं, मंग तुह्या भावाले कोन ओवाळन?” मी म्हटलं, “गॅस जळला तर त्याला उशिरा ओवाळेन. न जळला तर तोंड दाखवणार नाही.” ती आणखी जोरानं कालवू लागली.

लक्ष्मीपूजन

ड्रम वर आला, म्हणजे आत गॅस साठला! दिवाळीच्या दिवशी सकाळी पाहिलं तर ‘डोमाजी’ ही अक्षरं कालच्यापेक्षा हातभर वर. पार्बताच्या झोपडीत शेगडी बसवली, नळी जोडली. बातमी पसरायला वेळ लागत नाही. अर्धं गाव आखरावर आलं, डोमाजी नवा सदरा घालून आले.

मी कळ फिरवली, काडी ओढून धरली. काडी विझली. दुसरी ओढली. विझली. गॅस फुस्स करून येत होता आणि प्रत्येक काडी विझवत होता. गर्दीतून कुणी म्हणालं, “ड्रमले वात झाला!” आणि सगळा आखर खोखो हसला. डोमाजींचं तोंड पडलं. नाव त्यांचंच होतं ना ड्रमवर.

हे मला ठाऊक असायला हवं होतं, घाईत मी विसरले. पहिल्या गॅसात हवा आणि नको ते वायू जास्त असतात, तो सोडून द्यायचा असतो. पण आता हसणाऱ्या गर्दीला ते सांगून कुणी ऐकणार नव्हतं. मी गुमान कळ पुरती उघडली. ‘डोमाजी’ सगळ्यांच्या देखत हळूहळू खाली बुडायला लागला. लोक म्हणाले, “गेला! हवा निघाली!”

पार्बता उंबऱ्यावर उभी राहिली. तिचा आवाज रानात गुरं वळवून तयार झालेला.

“हसून काय राहिले बे? गाय व्याली का पयला चीक कोनी चहात टाकते का? पयला वासराचा. मंगच दूध. उद्या परवा या, दूध पाजतो!”

चिकाची गोष्ट सगळ्यांना कळली. हसणं थांबलं, मंडळी चिकावर बोलत घरी गेली. माझ्या पुस्तकात याच गोष्टीवर दोन पानं खर्ची पडली आहेत.

गायगोधन

पाडव्याला आखरावर गायगोधन झालं. असला सण मी जन्मात पाहिला नव्हता. गाईंची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. मध्यभागी शेणाचा मोठा गोधन रचून त्यावर फुलं वाहिलेली. गायकी मंडळी ढाल, म्हणजे सजवलेली उंच काठी, नाचवत, ढोल बडवत आली. मग सगळा कळप त्या गोधनावरून नेला. गाई पार झाल्या तशी माणसं धावली, तेच शेण उचलून एकमेकांच्या कपाळाला लावू लागली आणि गळाभेट घेऊ लागली. डोमाजींनी सुकरूच्या कपाळाला लावलं, सुकरूनं डोमाजींच्या. गुरुजी लांब उभे राहून बघत होते, तर पार्बतानं त्यांनाही सोडलं नाही. “हे देवाचं नाई गुरुजी, गाईचं हाये,” ती म्हणाली, आणि ते हसत पुढं वाकले.

माझ्या कपाळावर तिनं अख्ख्या तळव्यानं शेण फासलं. नंतर गोधनाचं उरलेलं शेण पाटीत भरून खड्ड्यावर आणलं. तसं करावं की नाही, यावर म्हातारे कुजबुजले. पार्बतानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ओतलं. थोडं शेण मात्र पळसाच्या पानात बांधून माझ्या हातात दिलं. “तुह्या भावासाठी,” ती म्हणाली. उद्या काय होणार ते मला ठाऊक नव्हतं, तरी मी ते पदराच्या टोकाला बांधलं.

मंडई

भाऊबीज उजाडली. ‘डोमाजी’ पुन्हा वर आला होता, कालपेक्षा उंच.

आखरावर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं लागली. बत्तासे, ऊस, बांगड्या, भंडाऱ्याची पितळी भांडी, पाळणे. भज्यांच्या दुकानांचा धूर सगळीकडं. पार्बतानं नळी झोपडीतून दारात ओढून घेतली होती, पुढं शेगडी मांडली होती, आणि पाटीभर लाखोळीच्या डाळीचं पीठ भिजवून ठेवलं होतं. मला विचारलंही नव्हतं.

“वडे तळतो,” ती म्हणाली. “लोकं रिकामी आच पाहाले येतीन का? खाले येतीन.”

काडी तिनंच ओढली. मी कळ फिरवली. क्षणभर काहीच दिसलं नाही, कारण उन्हात ती आच दिसतच नाही. मग तिनं हात वर धरला आणि झटकन मागं घेतला.

“पेटली!” ती किंचाळली. “अवऽ पेटली ना!”

तिनं कढई चढवली, मी वाकून सावलीत पाहिलं. कढईखाली निळी, स्वच्छ, सरळ आच, गरगर घुमत होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. आयुष्यात इतका आनंद मला पुस्तक छापून आलं तेव्हाही झाला नव्हता.

लोक आधी लांब उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, “धूर नाई तं शिजते कसं?” त्यानं विडी काढून आचेला लावली, विडी पेटली, तरी त्याचा विश्वास बसेना. दुसऱ्यानं वड्याचा वास घेतला. पार्बता म्हणाली, “खाऊन पाहा बे, शेनाचा वास आला तं पैसे नोको देऊ.” एकानं खाल्ला, दुसऱ्यानं खाल्ला, आणि मग दुसऱ्या दुकानांवरची गर्दी इकडं वळली. गिरजाबाई लेकीजावयाला घेऊन आल्या आणि पीठ भिजवायला पार्बताशेजारी बसल्या. डोमाजी खड्ड्याजवळ उभे राहून प्रत्येक पाहुण्याला ड्रमवरचं नाव वाचायला लावत होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते स्वतः वाचून दाखवत होते.

दुपारनंतर माणसं विचारायला लागली. पण मला कुणी विचारलं नाही. सगळे पार्बताला विचारत. नाकाडोंगरीहून जावई म्हणून आलेला एक गडी, शेजारच्या गावांचे कारभारी, बायका. मी बाजूला बसून वडे खात ऐकत होते. ती हात न थांबवता सांगत होती, “घराघरात नोको लावू. तुह्या गावाले आखर हाये ना? मंग आखराले एक. तुमच्या गायकिनीले इचारा आधी. तिले आच द्या, मंग शेन मागा. आमच्या बाईनं तसंच केलं.”

आमच्या बाईनं! मी गुरुजींकडं पाहिलं. ते म्हणाले, “म्याडम, पुस्तक नवं लिहा आता.”

संध्याकाळ व्हायच्या आत चार गावांनी मागणी घातली, नाकाडोंगरी धरून. पार्बतानं दिवसअखेर कढई उतरवली आणि त्याच आचेवर दोघींसाठी चहा टाकला. कुठून तरी दूध आणलं होतं. “आज कोरा नाई,” ती म्हणाली. “दूध पाजतो म्हनलं होतं ना!”

सांगली

घरी पोचले तेव्हा भाऊबीज होऊन गेली होती. अण्णा कारखान्यात होता, कोपऱ्यात ग्रिलाच्या गजांची नवी चळत लागली होती. माझ्या ड्रमांच्या जागी. मी ताम्हण घेतलं, निरांजन लावलं, पाट मांडला. अण्णा पाटावर बसला. मी पळसाचं पान सोडलं, आतलं वाळलेलं शेण पाण्याच्या थेंबानं ओलं केलं आणि त्याच्या कपाळाला लावलं.

“हे काय लावतेस?”

“शेण. पार्बतानं तुझ्यासाठी पाठवलंय.”

पार्बता कोण, ते त्यानं विचारलं नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. आमच्या आईच्या पाठीमागं आम्ही दोघंच, त्यामुळं त्याला माझं तोंड वाचता येतं. मी ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला.

“काय घालू ओवाळणी?”

“पत्रा,” मी म्हटलं.

“किती?”

“चार गावांचा. पुढं आणखी लागेल.”

अण्णा कपाळावरचं शेण न पुसता उठला, कोपऱ्यात गेला आणि ग्रिलाचे गज उचलून बाहेर अंगणात टाकायला लागला. मीही पदर खोचला आणि गजांचं दुसरं टोक धरलं.